जुनं चर्च कोणतं, माहीमचं की फोर्टमधलं?

प्रश्न असा आला आहे: "माहीमचं सेंट मायकल हे मुंबईतल्या सगळ्यात जुन्या चर्चपैकी एक, असं सगळे सांगतात. पण इमारत बघितली तर माझ्या वडिलांच्या वयाची वाटते. उलट फोर्टमधलं सेंट थॉमस खरोखर जुनं दिसतं. मग जुनं कोणतं? आणि राज्य इंग्रजांचं होतं, तरी मुंबईत कॅथॉलिक चर्च इतकी आणि इंग्रजांची स्वतःची इतकी कमी कशी?"

माझं काम जुन्या दगड-चुन्याच्या इमारतींच्या दुरुस्तीचं. त्यात दोन्ही पंथांची चर्च आली, त्यामुळे हे उत्तर वर्गातलं कमी आणि परांचीवरचं जास्त आहे. दोन्ही प्रश्नांची मुळं मला एकाच जागी दिसतात. मुंबईतल्या जुन्या कॅथॉलिक चर्चमध्ये पॅरिश, म्हणजे त्या चर्चला जोडलेली वस्ती आणि तिथले भाविक, जुनी असते आणि इमारत बहुतेक वेळा नवी. अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या कुळातल्या, ज्याला अमेरिकेत एपिस्कोपल म्हणतात त्या चर्चमध्ये, इमारत जुनी असते आणि तिच्यात बसणारी माणसं नवी. कारण पहिल्या प्रकारचं चर्च गावासाठी उभं राहिलं आणि दुसऱ्या प्रकारचं सरकारसाठी. शहर वाढत गेलं तसं गाव जागच्या जागी राहिलं आणि सरकारी साहेब मात्र सारखे घर बदलत राहिले.

सुरुवात १५३४ पासून करावी लागते. त्या वर्षी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबरचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी आली आणि मुंबईची बेटंही आली. मुंबई नावाचं शहर तेव्हा नव्हतंच. होती ती कोळी, भंडारी, कुणबी, आगरी यांची गावं, मिठागरं, भातखाचरं आणि ताडा-माडाच्या वाड्या. मुंबईचं मुख्य बेट तर पोर्तुगीज सरकारने गार्सिया द ओर्ता या वैद्याला खंडाने देऊन टाकलं होतं. अशा प्रदेशात पाद्री आले ते माणसं जिथे होती तिथे गेले. माहीमला फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री गेले, दादरलाही तेच (१५९६). वांद्र्याला जेझुइट संघाचे (सेंट अँड्र्यू, १५७५), मरोळलाही जेझुइट (१५७९). माझगावात डिसोझा घराण्याने १६३२ मध्ये ग्लोरिया चर्च बांधलं. नकाशावर हे ठिपके मांडून बघा. सगळे गावांवर पडतात. आजच्या फोर्टमध्ये एकही पडत नाही.

हे धर्मांतर कसं झालं याबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. उपदेश होता, जमिनीचं आणि नोकरीचं आमिष होतं, आणि सत्तेचा धाकही होता. बोरिवलीजवळ मंडपेश्वरला शैव लेण्यांवर चर्च आणि मठ चढवलेला आजही दिसतो. पण त्याच प्रक्रियेतून एक असा समाज तयार झाला ज्याची भाषा मराठी राहिली, लुगडं राहिलं, ओव्या राहिल्या, हळद आणि उंबराचं पाणी राहिलं, आणि देवघरात क्रूस आला. हाच पुढे ईस्ट इंडियन समाज. त्याचं चर्च त्याच्या गावठाणाच्या मधोमध होतं, म्हणून गावठाण टिकलं तोवर चर्च टिकलं.

इंग्रज आले ते लग्नाच्या आंदणातून. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या कॅथरिनबरोबर मुंबई दुसऱ्या चार्ल्सकडे गेली, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने बेट वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की इथल्या रहिवाशांना कॅथॉलिक धर्म पाळण्याची मुभा राहील, असं तहातच मान्य केलेलं होतं. कंपनीला ते सोयीचंच होतं. तिला व्यापारी हवे होते, कारागीर हवे होते, शिपाई हवे होते. धर्मप्रसार हा तोट्याचा धंदा, असं तिचं मत बराच काळ होतं. मिशनऱ्यांना मोकळेपणाने काम करू देणारी सनद निघायला १८१३ उजाडलं. म्हणजे पोर्तुगिजांनी राज्य हाती येताच गावोगाव पाद्री पाठवले आणि इंग्रजांनी जवळजवळ दीडशे वर्षं फक्त स्वतःपुरता चॅप्लेन, म्हणजे पगारी पाद्री, ठेवला. संख्येतला फरक इथूनच सुरू होतो.

तोही चॅप्लेन बराच काळ बेघर होता. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने १६७६ च्या सुमारास चर्चचा पाया घातला, वर्गणी जमली, भिंती काही फूट वर आल्या आणि काम थांबलं. जमलेला पैसा सर जॉन चाइल्डच्या खिशात गेला, असा आरोप तेव्हाच्या प्रवासवृत्तात छापलेला आहे. खरं-खोटं काहीही असो, पुढची सुमारे चाळीस वर्षं किल्ल्यात अर्धवट भिंती उभ्या होत्या आणि साहेब लोक किल्ल्यातल्या एका खोलीत प्रार्थना उरकत होते. १७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा चॅप्लेन आला. त्याने गव्हर्नरच्या आणि कौन्सिलच्या मागे लागून पुन्हा पैसे जमवले आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी सेंट थॉमस उघडलं. किल्ल्याच्या ज्या वेशीतून या चर्चकडे रस्ता जायचा ती चर्चगेट. वेस कधीच गेली, नाव लोकलच्या पाटीवर राहिलं.

म्हणजे नुसत्या इमारतीचं वय पाहिलं तर सेंट थॉमस जुनं. पॅरिशचं वय पाहिलं तर माहीम त्याच्याहून पावणेदोनशे वर्षांनी थोरलं. इथेच उत्तर संपवता आलं असतं, पण मधली गंमत राहून जाईल.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंत कॅथॉलिकांवर तीन बाजूंनी आघात झाले. पहिला इंग्रजांकडून. १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतने मुंबईवर हल्ला केला तेव्हा पोर्तुगीज पाद्र्यांची त्याला फूस होती, असा इंग्रजांचा संशय होता. परळचा मठ आणि त्याच्या जमिनी गेल्या. मठाच्या जागी गव्हर्नरचा बंगला झाला, आणि १८९९ मध्ये त्याच वास्तूत डॉक्टर हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा आली. आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आवारात उभं राहून हे आठवलं तर इमारत वेगळी दिसू लागते. १७२० मध्ये इंग्रजांनी गोव्याच्या अखत्यारीतल्या पाद्र्यांना बेटाबाहेर काढलं आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट पाद्र्यांना बोलावलं. तिढा तिथेच पडला. त्याच्याकडे येतोच.

दुसरा आघात तोफेच्या पल्ल्याचा. फ्रेंचांच्या भीतीने किल्ल्याभोवतीचं मैदान मोकळं करायचं ठरलं. तिथल्या नारळाच्या वाड्या गेल्या, घरं गेली, आणि एस्पेरान्सा, म्हणजे अवर लेडी ऑफ होप, हे चर्चही पाडलं गेलं. सरकारने भरपाई दिली आणि चर्च भुलेश्वरला नव्याने उभं राहिलं. ज्या कारणाने आणि ज्या काळात मुंबादेवी बोरीबंदराकडून आत सरकली, त्याच कारणाने एस्पेरान्साही सरकलं. देवी आणि मारिया दोघींना एकाच शतकात एकाच भागात नवी जागा शोधावी लागली. मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्याचेच पुढे तुकडे पडून आझाद मैदान आणि क्रॉस मैदान झाले.

तिसरा आघात मराठ्यांचा. १७३७ ते ३९ या मोहिमेत चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसई घेतली. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा आपल्याकडे अभिमानाने दाखवतात. त्यांचा सूर पोर्तुगीज ओतशाळेतला आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. वांद्र्याचं जेझुइटांचं कॉलेज मात्र मराठ्यांनी पाडलेलं नाही. मराठ्यांच्या हाती बळकट जागा लागू नये म्हणून ते इंग्रजांनीच उडवलं, वांद्र्याचा किल्लाही त्याच हिशेबाने निकामी केला. त्या कॉलेजातला एकसंध दगडाचा उंच क्रूस पुढे सेंट अँड्र्यूच्या अंगणात आणून उभा केला. त्याच्यावर खिळे, शिडी, हातोडा, कोंबडा अशी येशूच्या दुःखसहनाची चिन्हं कोरलेली आहेत. वांद्र्याला गेलात तर चर्चच्या आत जाण्याआधी दहा मिनिटं या क्रुसासमोर काढा. आपल्याकडच्या पाथरवटाने परक्या कथेला दिलेला हात त्यात दिसतो.

माउंट मेरीची मूर्ती त्या धामधुमीत माहीमला सेंट मायकलमध्ये नेऊन ठेवली होती. १७६१ मध्ये ती मिरवणुकीने परत डोंगरावर आली. कोळ्यांच्या जाळ्यात मूर्ती सापडल्याची कथा वेगळी सांगतात, आणि सप्टेंबरच्या जत्रेत मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्याला दोन्ही कथा सारख्याच प्रिय असतात.

आता तो तिढा. मुंबईच्या कॅथॉलिक भूगोलाची किल्ली यातच आहे, आणि वारसा-फेऱ्यांमध्ये नेमका हाच भाग वगळतात, कारण सांगायला वेळ लागतो. पोर्तुगालच्या राजाला पोपने पूर्वेकडच्या चर्चवर नेमणुकांचा अधिकार दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणतात. हा अधिकार गोव्याच्या आर्चबिशपमार्फत चालायचा. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, तेव्हा रोमने स्वतःची धर्मप्रसार-संस्था काढून थेट आपले बिशप पाठवायला सुरुवात केली. हा पक्ष प्रोपागांडाचा. १७२० मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या पक्षाला बोलावलं, मग १७८९ च्या सुमारास चर्च पुन्हा गोव्याकडे द्यायचं ठरवलं, त्यावर लोकांनी ओरड केली, आणि १७९४ मध्ये सरकारने चक्क वाटणी केली. भुलेश्वरचं एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल प्रोपागांडाकडे, माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्वासाओ पाद्रोआदोकडे. प्रॉटेस्टंट सरकार कॅथॉलिक चर्चची भाऊवाटणी करतंय, हे दृश्य मला आजही मजेशीर वाटतं.

वाटणीने भांडण कधी मिटतं का? १८५३ मध्ये माहीमच्या बऱ्याच लोकांनी पाद्रोआदोकडे जायचं ठरवलं. प्रोपागांडाचे बिशप हार्टमन चर्चमध्ये जाऊन बसले आणि आतून दारं लावून घेतली. बाहेर पॅरिशची माणसं वेढा घालून. हे जवळपास पंधरवडाभर चाललं. शेवटी सरकारला मध्ये पडून दारं उघडावी लागली आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. शाळेतल्या पुस्तकात गाडी आहे, वेढा नाही.

या भांडणामुळे एकाच वस्तीत दोन-दोन चर्च झाली. वांद्र्यात सेंट अँड्र्यू पाद्रोआदोचं आणि थोड्याच अंतरावरचं सेंट पीटर प्रोपागांडाच्या जेझुइटांचं. दोघांच्या शाळा वेगळ्या, बँड वेगळे, आणि सोयरीक जुळवताना कुठली पॅरिश हा प्रश्नही अगदी महत्त्वाचा. मुंबईत इतकी कॅथॉलिक चर्च का, याच्या उत्तरात भक्ती आहे, लोकसंख्या आहे, आणि हे भांडणही आहे. दोन बिशपांची स्पर्धा शहराला दुप्पट शाळा देऊन गेली. १८५० च्या दशकात आलेल्या जर्मन जेझुइटांनी १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज काढलं. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांच्यावरच पाळत आली आणि त्यांना जावं लागलं.

दुहेरी कारभार संपला तो १९२८ मध्ये. तेव्हाही तडजोड अशी, की आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असेल. आधी लिमा आले, मग १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांनी इथल्या माणसासाठी जागा मोकळी केली आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल झाले. चारशे वर्षांनी घर घरच्यांच्या हाती आलं.

इंग्रजांच्या बाजूला असली नाट्यं कमी आणि हिशेबाच्या वह्या जास्त. चॅप्लेन सरकारी नोकर. त्याचा पगार, चर्चची दुरुस्ती, घंटेचा दोर, सगळं खात्यातून. त्यामुळे चर्च कुठे बांधायचं हे साहेब कुठे राहतात यावर ठरायचं. किल्ल्यात गर्दी झाली, श्रीमंत लोक भायखळ्याच्या बंगल्यांत गेले, म्हणून १८३३ च्या सुमारास भायखळ्याचं क्राइस्ट चर्च. फौज कुलाब्याला, म्हणून तिथे अफगाण चर्च. पुढे बंगले मलबार हिलला चढले, म्हणून १८८२ मध्ये तिथे ऑल सेंट्स. सेंट थॉमसला १८३७ मध्ये कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान मिळाला, टॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले, आणि मनोरा त्यानंतर चढला. शहरातल्या मैलाच्या दगडांची मोजणीसुद्धा याच चर्चपासून व्हायची. गेल्या काही वर्षांत त्यातले काही दगड फूटपाथखालून बाहेर काढून पुन्हा उभे केले आहेत.

अफगाण चर्चजवळ जरा थांबायला हवं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचं हे स्मारक. पायाभरणी १८४७, अभिषेक १८५८. आधी इंग्लंडहून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा मागवला होता, तो परवडेना. मग हेन्री कॉनिबेअरने केला. हा मूळचा इंजिनिअर, विहार तलावाचं पाणी मुंबईत आणण्याची योजना याचीच. आतली फरशी आणि जाळीकाम विल्यम बटरफिल्डच्या आराखड्यांवरचं. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत, कारण १८५७ नंतर गोऱ्या पलटणीला प्रार्थनेलाही हत्यार सोडून जायची मनाई होती. शिखर १८६५ मध्ये पूर्ण झालं, जमिनीपासून सुमारे १९८ फूट, बंदरात शिरणाऱ्या जहाजांची खूण. आणि त्या शिखरासाठी मोठी देणगी दिली कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशाने. युद्धस्मारक ब्रिटिशांचं, दगड कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा, कळस पारशाच्या पैशाने. मला तरी मुंबईचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही.

कामाच्या दृष्टीने सांगायचं तर अशा इमारतींचा शत्रू समुद्राची हवा हा दुसरा, पहिला शत्रू सिमेंट. कुर्ल्याचा दगड घट्ट, पोरबंदरचा मऊ आणि सच्छिद्र. मधे चुना असला तर भिंत ओल घेते आणि सोडते. कोणी तरी चांगल्या मनाने त्यावर सिमेंटचा गिलावा करतं, ओल आत कोंडते, मीठ वर येतं आणि मऊ दगडाचे पापुद्रे निघू लागतात. सेंट थॉमसची दुरुस्ती ज्या पद्धतीने झाली ती म्हणूनच अभ्यासण्यासारखी आहे. त्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. तिथल्या संगमरवरी स्मारकशिला वाचत फिरा. विशी-पंचविशीत तापाने गेलेली पोरं किती आहेत ते मोजायला लागलात की साम्राज्याचा रुबाब आपोआप उतरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथॉलिकांकडे मात्र माणसांचा लोंढा आला. रेल्वे, गोदी, जहाज कंपन्या यांच्यासाठी गोव्याहून हजारो माणसं आली. धोबीतलाव, कावेल, माझगाव इथे त्यांचे गावागणिक कूड उघडले. महिन्याला थोडे पैसे देऊन पेटी ठेवायची, अंथरूण टाकायचं आणि संध्याकाळी रोझरी म्हणायची. नोकऱ्यांत गोवेकरांशी स्पर्धा सुरू झाल्यावर इथल्या मूळच्या कॅथॉलिकांनी १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून, स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायला सुरुवात केली. आम्ही कंपनीच्या पहिल्या दिवसापासूनची प्रजा, असा त्यातला रोख. १८९६ मध्ये प्लेग आला आणि गावठाणांच्या तिठ्यांवर क्रूस उभे राहिले. खोताची वाडी, मातारपाखाडी, वांद्र्याच्या पाखाड्या यांतले कित्येक क्रूस त्या साथीतले आहेत. रस्तारुंदीत ते जातात तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी येतात.

प्लेगने लोकांना उत्तरेकडे ढकललं. वांद्र्यात १९१८ मध्ये साल्सेट कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी झाली, भातखाचरांवर बंगले आले, आणि मूळ चर्च अपुरी पडू लागली. कॅथॉलिकांनी अशा वेळी एकच उपाय केला: त्याच जागी पाडून मोठं बांधायचं. माउंट मेरीची आजची इमारत १९०४ ची, वास्तुकार शापुरजी चांदाभॉय. माझगावचं जुनं ग्लोरिया १९११ मध्ये गेलं आणि भायखळ्याला आजचं गॉथिक ग्लोरिया १९१३ मध्ये पूर्ण झालं. दादरचं साल्वासाओ, म्हणजे पोर्तुगीज चर्च, तर नावाने पोर्तुगीज आणि अंगाने चार्ल्स कोरियांचं, १९७० च्या दशकातलं, काँक्रीटच्या निमुळत्या घुमटांचं आणि मधल्या मोकळ्या अंगणांचं. माहीमची आजची इमारत १९७३ ची. १९४८ मध्ये सुरू झालेल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेची गर्दी जुन्या वास्तूत मावणं शक्यच नव्हतं. त्या रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. तुम्हाला इमारत वडिलांच्या वयाची वाटली ती बरोबरच वाटली.

माझ्या व्यवसायातले बरेच जण या पाडापाडीवर नाकं मुरडतात. मी थोडा वेगळा विचार करतो. माहीमची जुनी इमारत राखली असती तर माझ्यासारख्यांना आनंद झाला असता, पण तिथला जिवंत नवस आणि रांग कुठे गेली असती? वारसा यादीत इमारतीला श्रेणी मिळते, पॅरिशला मिळत नाही. तिच्या सलगपणाला मोजायचं माप आपल्याकडे नाही. त्याच वेळी हेही खरं, की 'गर्दी मावत नाही' हे कारण पुढे करून सुस्थितीतल्या लाकडी तख्तपोशी आणि कोरीव वेद्या अनेक ठिकाणी भंगारात गेल्या. दादरला कोरिया मिळाले. सगळ्यांना मिळाले नाहीत.

अँग्लिकन चर्चवर अगदी उलट वेळ आली. १९३० मध्ये भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं, १९४७ मध्ये पलटणी आणि साहेब गेले, आणि मोठमोठ्या इमारती मोजक्या माणसांच्या अंगावर पडल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि सेंट थॉमस, अफगाण चर्च ही त्याच्याकडे आली. आज या वास्तूंमध्ये बसणाऱ्यांत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांचे पणजे-आजे अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांतून, वेगवेगळ्या मिशनांच्या शाळांतून आलेले. ज्या चर्चमध्ये कधी काळी फक्त गव्हर्नरची खुर्ची राखीव असायची त्या परंपरेत आता रेव्हरंड टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. नारायण वामन टिळक स्वतः अमेरिकन मराठी मिशनचे, अँग्लिकन नव्हेत, पण १९७० नंतर ही कुंपणं तशीही राहिली नाहीत.

कॅथॉलिक मराठीची गोष्ट मात्र मुंबईपेक्षा वसईत जास्त ठळक आहे. १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला, तिथली उपासना मराठीत चालते, आणि तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. मुंबई शहरात मिस्सा इंग्रजीकडे, कोकणीकडे सरकली. ईस्ट इंडियन गावठाणांत मराठी मिस्साचा आग्रह धरणारे आहेत, ते त्यामुळेच.

आता चर्च कुठल्या पंथाचं हे ओळखायचं कसं, असं पुढे विचारलं जाणारच. नावावर जाऊ नका. पुण्यात पंचहौद मिशनचं होली नेम चर्च मूळचं अँग्लिकन आहे, ज्या मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल लोकमान्य टिळक आणि रानडे यांच्यावर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं तेच. मुंबईत कुलाब्याचं होली नेम हे कॅथॉलिक कॅथीड्रल आहे. सेंट अँड्र्यूसुद्धा वांद्र्यात कॅथॉलिक आणि फोर्टमध्ये स्कॉटिश. दारासमोर अंगणात मोठा दगडी क्रूस असेल, आजूबाजूला उतरत्या कौलांची घरं असतील आणि आत पुतळ्यांसमोर मेणबत्त्या असतील तर कॅथॉलिक. भिंतीवर पलटणींच्या आणि अंमलदारांच्या शिला असतील, बायबल ठेवायला पितळी गरुड असेल, आणि पुतळे जवळजवळ नसतील तर अँग्लिकन.

पॅरिश आणि इमारत एकमेकांपासून तुटल्याचं एक टोकाचं उदाहरण हवं असेल तर अंधेरीला सीप्झच्या कुंपणात आहे. मरोळचं १५७९ चं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च १८४० च्या साथीनंतर लोकांनी सोडलं आणि पॅरिश मरोळ गावात नेली. पॅरिश आजही चालू आहे. जुन्या भिंती मात्र औद्योगिक वसाहतीच्या आत अडकल्या आहेत आणि लोकांना वर्षातून एकदा, मे महिन्यात, मिस्सासाठी आत जाता येतं.

स्वतः बघायचं असेल तर आधी गोरेगावला सेंट पायस कॉलेजच्या आवारातलं आर्चडायोसिसचं वारसा संग्रहालय बघा. पाडलेल्या चर्चमधल्या वेद्या, लाकडी संत, चांदीची पात्रं यांतलं बरंच काही तिथे जमा आहे, म्हणजे नव्या इमारतींच्या आधी काय होतं याचा अंदाज येतो. तिथे आधी विचारून जावं. माहीमला जायचं तर बुधवार टाळा. आणि पूर्वजांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी शोधत असाल तर पॅरिशच्या कचेरीत गावठाणाचं नाव आणि घराण्याचं टोपणनाव दोन्ही सांगा. एकाच पॅरिशमध्ये डिसोझा आणि परेरा पुष्कळ असतात, टोपणनावाशिवाय वही उघडून उपयोग नाही.